टिपणे

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी मी सभागृहात शिरलो तेव्हा दोन मुलं पडदा बांधत होती. प्रोजेक्टर टेबलावर मांडून ठेवला होता. मी म्हटलं, राहू द्या, आज फोटो दाखवायचे नाहीत. मुलांचे चेहरे उतरले. पाखरांचे फोटो काढणारा माणूस बोलायला येतो आणि फोटोच आणत नाही, म्हणजे पंगतीला बसवून पान कोरडं ठेवल्यासारखं झालं. त्याचं कारण बोलण्याच्या ओघात येईल.

विषय मला पत्रानं कळवला होता: 'निसर्ग-छायाचित्रण आणि अध्यात्म'. पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. विषयातल्या पहिल्या शब्दाबद्दल मी थोडंफार बोलू शकतो. शाळेत मराठी शिकवता शिकवता रविवारी माळव्यातल्या तलावांच्या काठी पंचवीसेक वर्षं चिखल तुडवला आहे. दुसऱ्या शब्दाची मात्र मला धास्ती वाटते. हल्ली जो तो सांगतो, जंगलात गेलो आणि ध्यान लागलं. अशा ध्यानस्थांबरोबर मी जंगलात गेलो आहे. वाघ दिसला की जिपांची जी रेटारेटी होते, 'जरा पुढे घे, माझ्या फ्रेममध्ये फांदी येतेय' म्हणून ड्रायव्हरवर जे ओरडणं होतं, त्यात ध्यान कुठल्या जागी बसलेलं असतं ते मला दिसलेलं नाही. माझंही निराळं नव्हतं. माझ्याकडे वही होती, वहीत पक्ष्यांची यादी होती, आणि एखाद्या मित्राच्या यादीत माझ्यापेक्षा दोन पक्षी जास्त झाले की मला झोप लागत नसे. याला फार तर छंद म्हणावं. लोभ म्हटलं तरी चालेल.

म्हणून मी आयोजकांना लिहिलं की अध्यात्मावर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण एका सकाळची हकीकत सांगू शकेन. त्यांनी मोठ्या मनानं चालेल म्हणून कळवलं.

भाषेच्या अकादमीत आलो आहे तेव्हा सुरुवात एका क्रियापदापासून करतो. इंग्रजीतला फोटोग्राफर 'शूट' करतो. आमच्या इंदूरच्या हिंदीत फोटो 'खींचते' हैं, दोरी ओढावी तसा. मराठीत आपण फोटो काढतो, जसं विहिरीतून पाणी काढतो किंवा पाटीवर चित्र काढतो. आणि जरा भारदस्त लिहायचं असलं की आपण क्षण 'टिपतो'. हा शब्द मीही फोटोंखाली शेकडो वेळा लिहिला असेल. त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पाखरू दाणे टिपतं. शिकारी नेम धरून सावज टिपतो. माझ्या वयाच्या लोकांना टीपकागद आठवत असेल. तो नुसता अलगद ठेवायचा असायचा, घासला की अक्षर फिसकटायचं. विद्यार्थी वर्गात टिपून घेतो, त्याचं टिपण होतं. आणि माणूस डोळे टिपतो. भूक, हत्या, लेखन आणि रडणं, सगळं या तीन अक्षरी क्रियापदात कसं काय मावलं, ते व्युत्पत्तीचे जाणकार सांगतील. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात. मला ते एका सकाळी भेटले, एवढंच मी सांगणार आहे.

पण त्याआधी दादाबद्दल सांगायला हवं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. 1973 साली, मी शाळेत असताना, त्यानं पहिल्या पगारातले पैसे साठवून आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा आणला. काळा डबा आणि त्याला एक डोळा. त्यात एकशेवीसचा रोळ बसायचा आणि एका रोळात बारा फोटो निघायचे. बाराच. ते बारा फोटो दादा सहा-सहा महिने पुरवायचा. रविवारी सायकलच्या नळीवर मला बसवून तो सिरपूरच्या तलावावर न्यायचा. होळकरांनी बांधलेला हा तलाव तेव्हा गावाबाहेर होता. आता शहरानं त्याला वेढलं आहे. आमचे चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच्या राखणीत आयुष्याची कितीतरी वर्षं घातली नसती तर आज तिथे प्लॉट पडलेले दिसले असते. 2022 साली तो रामसर यादीत गेला तेव्हा दादा हवा होता.

तर तिथे दादा दोन-दोन तास बसायचा आणि एकही फोटो न काढता उठायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, "आधी डोळ्यांनी काढ. मग बारात बसतोय का बघू." एकदा, आणि एकदाच, त्यानं बदकांवर बटण दाबलं. रोळ धुऊन आला तेव्हा त्या चौकोनी फोटोत पाणी, पाणी आणि मधोमध सात ठिपके होते. दादा घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवायचा. ठिपक्यावर नख ठेवून सांगायचा: हा हळदी-कुंकू, हा चांदवा, ही टिबुकली, आता बुडी मारणारच होती. पाहुणे मान डोलवायचे. मला हसू यायचं. पण आज वाटतं, त्याला ते खरंच दिसत होते.

पुढे घर विकण्यावरून आमचं बिनसलं. तपशिलात जात नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या कुटुंबात असं एक घर असेल आणि त्याच्या वाटणीचे असेच कागद असतील. कोण बरोबर होतं, हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट दिसत होतं. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच शहरात, तीन किलोमीटरच्या अंतरावर. त्या अकरा वर्षांत मी दीड-दोन लाख फोटो काढले असतील.

2019 च्या ऑगस्टमध्ये दादा गेला. झोपेतच गेला. दहाव्याला आम्ही सगळे नर्मदेवर खेडीघाटला गेलो. त्या वर्षी पाऊस फार होता, नदी गढूळ आणि फुगलेली. पुतण्यानं पिंड ठेवले, आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा शिवेना. पलीकडच्या झाडावर दोन-तीन बसले होते, एक उठून दुसऱ्या फांदीवर जायचा, पण खाली उतरेना. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी काय सुरू होतं. वहिनीची काळजी घेऊ म्हणून पुतण्यानं हात जोडले. धाकटीचं लग्न नीट करू म्हणून कुणी सांगितलं. मग शांतता झाली आणि कुणीही वळून पाहिलं नाही तरी सगळे माझ्याकडे पाहत आहेत असं मला वाटलं. माझ्या शेजारी मावसभाऊ होता. मी त्याच्या कानात हळूच म्हटलं, पावसाळ्यात कावळ्याला खायला भरपूर असतं, शिवाय इतकी माणसं उभी असताना तो येणार नाही. पक्ष्यांचं तसंच असतं. माहिती म्हणून हे चूक नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही जेवायला गेलो.

मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तेव्हाही नव्हतो, आजही नाही. पण घाटावर एक वाक्य बोलायचं होतं आणि त्या जागी मी कावळ्याच्या सवयींवर बोललो, हे मला माहीत होतं.

आता ती सकाळ. सप्टेंबरातला, पितृपंधरवड्यातला रविवार. वर्षाच्या आत पक्ष करत नाहीत, त्यामुळे दादाच्या घरी काही नव्हतं. आमची चौघांची टोळी दर रविवारी एका गाडीनं निघते. वाटेत पोहे-जिलेबी, गप्पा, कोण कुठली लेन्स घेतोय. त्या दिवशी मी बरं नाही असं खोटं सांगितलं आणि पहाटे साडेचारला एकटा निघालो. का निघालो, ते नक्की सांगता येत नाही. घरात बसवत नव्हतं, एवढं खरं.

हातोद ओलांडून यशवंतसागरच्या फुगवट्याकडे गेलो. गंभीर नदीवरचा हा होळकरांच्या काळातला जलाशय. इंदूरच्या नळाला याचंही पाणी येतं, आणि मध्य भारतातल्या सारसांचं हे हक्काचं ठिकाण. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं लागतं आणि तिथेही ते हाताच्या बोटांनी मोजावेत इतके. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना पुण्या-मुंबईचे नातलग नाटकं, प्रकाशनं, संमेलनं यांवरून खिजवतात. मी त्यांना सारस सांगतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: माणसाएवढा उंच पक्षी, सुमारे सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक. जोडीनं राहतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्यांचा मोठा ढीग रचून घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीनं ती उबवतात.

गाडी रस्त्यावर ठेवून मी बांधावरून चालू लागलो. काळी माती ओली असली की काय करते ते माळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दहा पावलांत प्रत्येक बुटाला दोन-दोन किलोचा तळ येतो. उजाडत होतं. सोयाबीनच्या पानांवर दव होतं. एका शेतकऱ्यानं बांधावर राम-राम केला. माझ्या खांद्यावरच्या लेन्सकडे पाहून त्यानं किंमत विचारली. मी सांगितली. तो माळवीत म्हणाला, एवढ्यात म्हैस येते. शिवाय दूध देते.

त्याच्या शेताची खालची पट्टी पाण्याखाली गेली होती, सोयाबीन पिवळं पडलं होतं. चर खणून पाणी का काढलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्यात जोडा बसला आहे. मी विचारलं, किती अंडी आहेत? तो म्हणाला, "विचारलं नाही त्यांना." आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघून गेला. जाताना एवढं म्हणाला की लांबूनच बघा.

मित्रहो, घरट्याचे फोटो काढू नयेत, हा आमच्या छंदातला पहिला नियम आहे. कित्येक स्पर्धांमध्ये असे फोटो घेतच नाहीत. शाळेतल्या मुलांना पक्षी दाखवायला नेतो तेव्हा मी स्वतः हे बजावत असे. एका तरुणानं एकदा सुगरणीच्या घरट्याचा अगदी जवळून काढलेला फोटो मला कौतुकानं दाखवला तेव्हा मी त्याला चारचौघांत झापलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मी गेलो.

बेशरमीच्या झुडपांच्या आडून, वाकून, मग गुडघ्यांवर, मग कोपरांवर. समोर पाणकणसांच्या पलीकडे घरटं होतं आणि त्यावर सारस बसला होता. मागून पिवळं ऊन येत होतं. पाण्यावरून वाफ उठत होती आणि त्यात ती लाल मान. असं दृश्य मला पंचवीस वर्षांत मिळालं नव्हतं. मी बटण दाबलं. आताचा कॅमेरा एका सेकंदात दहा फोटो काढतो; बटण दाबून धरलं की शिवणयंत्रासारखा आवाज येतो. थोडा पुढे सरकलो, पुन्हा दाबलं. पुन्हा सरकलो. नंतर मोजले तेव्हा तीनशे चाळीस फोटो होते. त्यातल्या पहिल्या चाळीसेकांत सारस बसलेला आहे. पुढच्या सगळ्यांत तो मान उंच करून थेट माझ्याकडे पाहतो आहे.

मग तो उठला. काही आवाज नाही, आरडाओरडा नाही. घरट्यावरून उतरून सावकाश पाण्यातून चालत दूर गेला. तिकडे त्याचा जोडीदार उभा होता. दोघं पन्नास-साठ पावलांवर थांबले आणि माझ्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मी कॅमेरा खाली केला नाही. दोघं एका चौकटीत येत होते. मी चौकट नीट करत होतो.

त्याच वेळी बाभळीवरून कावळा उतरला.

तो घरट्याच्या कडेवर बसला. इकडे-तिकडे मान वळवून पाहिलं, जसं ते पाहतात. एक उडी आत. लेन्समधून मला त्याची वाकलेली पाठ दिसली.

घाटावर ज्याला आम्ही तासभर बोलावत होतो, तो इथे न बोलावता आला होता. आणि तो का आला, याबद्दल इथे कुठलीच श्रद्धा लागत नव्हती. घरटं मोकळं होतं म्हणून आला. घरटं माझ्यामुळे मोकळं होतं.

मी उभा राहिलो, ओरडलो, मग लक्षात आलं की मी उभा राहिल्यानं सारस आणखी लांब जातील. वळलो आणि त्या चिखलातून पळण्याचा प्रयत्न केला. उजवा बूट मातीत राहिला. तो काढायला थांबलो नाही. दोनेकशे पावलं मागे बांधाच्या उतारावर जाऊन पालथा पडलो तेव्हा मागे सारसांचा आवाज आला. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना माहीत आहे, तुतारीसारखा आवाज, दोघांचा मिळून, आणि पाण्यावर एक-दीड किलोमीटर जावा असा. वर पाहिलं तर एक सारस पंख पसरून घरट्याकडे धावत होता. कावळा उडाला. त्याच्या चोचीत काही होतं की नव्हतं ते मला दिसलं नाही. कॅमेरा माझ्या पोटाखाली होता.

यानंतर मी तिथे दोन तासांहून जास्त बसलो. याच दोन तासांबद्दल बोलायला तुम्ही मला बोलावलं आहे, असं मी समजतो. आणि यांच्याबद्दलच मला सर्वांत कमी बोलता येतं.

पहिला बराच वेळ मी एकच गोष्ट पाहत होतो. अंडी शाबूत असतील तर पक्षी ती उबवताना अधूनमधून उभा राहतो आणि चोचीनं ती फिरवतो. मी ते होण्याची वाट पाहत होतो. सारस बसून राहिला. ऊन चढलं. मुंग्या आल्या. पायाला चिखल वाळून ताणू लागला. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलं नव्हतं, हात जातच नव्हता. एक मोठा बगळा माझ्यापासून पाच-सहा हातांवर येऊन उभा राहिला आणि मासे धरू लागला. त्याच्या हिशेबी मी बांधाचा भाग होतो. एका मर्यादेनंतर मला ते पाणी, ते गवत, तो राखाडी ठिपका एवढंच होतं. मी कोण, कुठून आलो, माझं बरोबर होतं की दादाचं, यातलं काहीही नव्हतं. मी याला ध्यान म्हणणार नाही. चूक केलेलं मूल कोपऱ्यात बसतं तेव्हा त्याचं जे होतं तसं काहीतरी होतं.

आणि मग सारस उभा राहिला. मान खाली घातली, पायांमध्ये नेली, आणि हळूच काहीतरी फिरवलं. एकदा. मग पुन्हा बसला.

माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द निघाला: "चुकलं." एकच शब्द. तो मी पाखरांना म्हणालो की दादाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग मी बराच वेळ डोळे टिपत बसलो, आणि बगळा उडून गेला.

हकीकत इथे संपवता आली असती. पण समोर शिक्षक आणि विद्यार्थी बसले आहेत, आणि त्यांना शंका येणार.

पहिली शंका मला स्वतःलाच आली. हे सगळं फार सोयीचं नाही का? अकरा वर्षं भावाशी न बोललेला माणूस पाण्याकाठी एकटा एक शब्द बोलतो, जिथे ऐकणारा कुणी नाही, आणि हलका होऊन घरी जातो. सारस माझं मन धुऊन देण्यासाठी घरटं करत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीन काढून झाल्यावर मी पुन्हा त्या शेतकऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, एक पिल्लू आहे, चालतं. एकच. आता सारसाचं एकच पिल्लू दिसणं यात नवल काही नाही. कधी एकच अंडं असतं, कधी दुसरं पिल्लू जगत नाही. पण कधी दुसरं अंडं कावळ्यानं नेलेलं असतं. मला त्या सकाळी जे मिळालं त्याची किंमत कुणी भरली, हे मला कधीही कळणार नाही. निसर्गात जाऊन शांती मिळाली असं कुणी सांगितलं की मी हल्ली मनात विचारतो, आणि तिथल्यांना काय मिळालं?

दुसरी गोष्ट वाल्मीकींची. शाळेत मी ती तीस वर्षं शिकवली. तमसेच्या काठी ऋषी स्नानाला जातात, क्रौंचांची जोडी पाहतात, निषाद बाणानं नराला मारतो, मादीचा आक्रोश ऐकून ऋषींच्या तोंडून शाप निघतो आणि तो शाप श्लोक होऊन बाहेर पडतो. शोकाचा श्लोक झाला. आपल्या भाषांमधली कविता इथून सुरू झाली असं आपण मानतो. हा क्रौंच कोणता? आपल्याकडे काही जण करकोचा म्हणतात. पण करकोचे हिवाळ्याचे पाहुणे, त्यांची वीण इथे होत नाही. ज्युलिया लेस्ली या विदुषींनी 1998 साली एका दीर्घ लेखात तो सारस असल्याचं मांडलं. रामायणात त्या नराचा माथा तांबड्या रंगाचा म्हटला आहे, हाही एक पुरावा. त्या सकाळीनंतर काही महिन्यांनी हा लेख वाचला आणि मी थबकलो. ती जोडी पाहणारे त्या काठावर दोघं होते. दोघंही टक लावून, श्वास रोखून पाहत होते. गोष्ट शिकवताना मी नेहमी, न विचारता, ऋषींच्या बाजूला उभा राहत आलो होतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावलेला माणूस कुणाच्या बाजूला उभा असतो, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नव्हता, आणि एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. आज मागे बसलेल्यांपैकी कुणी विचारावा.

तिसरी गोष्ट थोडक्यात. अशा भाषणात झाडावेलींना सोयरे म्हणणारा तुकोबांचा अभंग म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. तो आपण सहलीचं गाणं करून टाकला आहे. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेला माणूस त्या डोंगरावर एकांतात गेला होता, असं परंपरा सांगते. त्याचा एकांत आणि माझा रविवार यांत फार अंतर आहे, ते राहू द्यावं.

आणि ज्या शब्दाची मला धास्ती वाटत होती, तो अध्यात्म. गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुन सरळ विचारतो, अध्यात्म म्हणजे काय? त्याला मिळालेलं उत्तर एका शब्दाचं आहे: स्वभाव. भाष्यकारांनी त्याचे खोल अर्थ सांगितले आहेत, त्यात मी शिरत नाही. मला त्याचा रोजच्या मराठीतला अर्थ पुरतो. एकटा गेलो, बघायला कुणी नव्हतं, आणि नियम पाठ असलेला मी कोपरांवर सरपटत पुढे गेलो. माझा स्वभाव मला त्या दिवशी दिसला. घराच्या कागदांच्या वेळीही मी असाच सरपटत पुढे गेलो असेन, चौकट नीट करत.

तेव्हापासून मी फोटो काढणं सोडलं का? नाही. छंद इतक्या सहज सुटत नाहीत. पण महिन्याला बारा फोटो, असा हिशेब ठेवला आहे. यंत्र ऐकत नाही, बोट जरा जास्त टेकलं की चार निघतात. ते मोजतो आणि पुढच्या वेळी कमी काढतो. टोळीतले मित्र हसतात. ते तीनशे चाळीस फोटो मी पुसले नाहीत आणि कुणाला दाखवलेही नाहीत. दिसायला ते माझे सर्वांत चांगले फोटो आहेत. पडदा नको म्हटलं ते यासाठी. पडदा लागला असता तर तुम्ही ते मागितले असते आणि मी कदाचित दाखवले असते.

एक फोटो मात्र त्या सकाळी निघताना काढला होता. बांधावरून, दोनशे पावलांवरून. घरी जायच्या आधी मी, एका पायात बूट आणि दुसऱ्यात वाळलेला चिखल, तसाच दादाच्या घरी गेलो. अकरा वर्षांत घाटाच्या दिवसाखेरीज त्या घराची पायरी चढलो नव्हतो. वहिनी दारात आली. माझ्या पायाकडे पाहून काही न बोलता तिनं मोरीकडे बोट दाखवलं. पाय धुऊन आलो तोवर चहा ठेवलेला होता. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "भावोजी, कुठे गेला होतात? काय काढलंत, दाखवा."

मी कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा तिच्यापुढे धरला आणि तो शेवटचा फोटो लावला. तिनं चष्मा शोधून आणला, कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"यात नुसतं पाणीच आहे," ती म्हणाली. "पक्षी कुठाय?"

मी पडद्यावर नख ठेवलं.

"हा?"

"ते गवत आहे, वहिनी. त्याच्या जरा मागे बघ."